ती पिवळी वस्तू आणि काळी नदी

मॉरिशसला जाऊन आले म्हटलं की लोक आधी विचारतात, "समुद्र कसा होता?" मी मालवणची. समुद्र बघायला मला विमानात बसायची काय गरज? मी गेले होते ळ शिकवायला.

खरंच सांगते. तिथल्या मराठी मंडळींचे खापरपणजोबा शंभरेक वर्षांपूर्वी आपल्या कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले. जाताना भाषा गाठोड्यात बांधून नेली आणि पिढ्यान् पिढ्या जपली, पण तेवढा ळ वाटेत कुठेतरी समुद्रात पडला. शाळेची 'शाला' झाली, डोळ्याचा 'डोला' झाला. संध्याकाळचे मराठी वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांसाठी रोझ हिलला दोन महिन्यांचं शिबिर होतं, आणि निवृत्त मास्तरीण म्हणून मला बोलावणं आलं. साल एक्याऐंशी, महिना जून. ळ परत नेऊन द्यायचाच, असा निश्चय करून मी निघाले होते.

रोझ हिल

गाव उंचावर आहे, त्यामुळे जूनमध्ये चक्क थंडी. तिकडे तेव्हा हिवाळा लागतो. मी नेलेल्या तीन सुती साड्या आणि छत्री बघून माझ्या यजमानीणबाई हसल्या आणि त्यांनी मला त्यांच्या मुलाचा स्वेटर दिला. तो घालून मी वर्गात 'कळ, खळ, गळ, जळ' म्हणत असे आणि समोर बसलेली वीस माणसं मनापासून 'कल, खल, गल, जल' म्हणत.

त्यांत रुक्मिणी नावाची एक तिशीची बाई होती. किनाऱ्यावर 'रिव्हिएर न्वार' म्हणजे काळी नदी नावाचं गाव आहे, तिथून ती बसनं यायची. दुसऱ्याच दिवशी तिनं मला 'मावशी' केलं आणि 'तू' म्हणायला लागली. आमच्याकडे खेड्यात मावशीला 'तू'च म्हणतात. परक्या देशात कुणी असं हक्कानं 'तू' म्हटलं की बरं वाटतं.

एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, शनिवारी आमच्या घोवाबरोबर लापेसला चल."

घोव म्हणजे नवरा आणि लापेस म्हणजे मासेमारी. मी म्हटलं, "जूनमध्ये? समुद्रात? अगं, तुझा घोव शहाणा आहे ना?"

आमच्याकडे जून लागला की होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली घालतात. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात उतरत नाही. इथे मात्र जून म्हणजे बोटी बाहेर काढायचे दिवस. वारा आग्नेयेकडून येतो, डोंगर तो अडवतात आणि पश्चिमेचा किनारा निवांत राहतो. हे सगळं रुक्मिणीनं मला समजावलं, पण माझ्या मालवणी रक्ताला काही ते पटलं नाही.

तिच्या नवऱ्याचं, राघोचं काम होतं वेगळंच. परदेशी पाहुणे दिवसभरासाठी बोट भाड्यानं घेतात, खोल पाण्यात जाऊन मोठाले मासे ओढतात, फोटो काढतात आणि हात हलवत हॉटेलात परत जातात. मासा बोटीचा. लोक पैसे देऊन मासे घेतात हे मला ठाऊक होतं. पैसे देऊन नुसते कष्ट घेतात हे नवीन होतं. आमच्याकडे किनाऱ्यावरून रापण ओढताना तर जाळ्याच्या दोराला हात लावला तरी वाटा मिळतो. "आपण ओढायचा आणि त्यांनी ठेवायचा? हा कुठला न्याय?" असं मी विचारलं, तर रुक्मिणी म्हणाली, "तसाच रिवाज हाय."

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. राघो त्या बोटीवर कित्येक वर्षं हरकाम्या होता. जुना तांडेल काम सोडून गेला, तेव्हा मालकानं या हिवाळ्यात चाक राघोच्या हाती दिलं. दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही कोरड्या. पाहुण्यांनी हॉटेलात कुरकुर केली. धक्क्यावरचे बाकीचे तांडेल म्हणायला लागले की ऊसवाल्याच्या नातवाला समुद्र काय कळणार! येत्या शनिवारी बोटीला गिऱ्हाईक नव्हतं. मालक म्हणाला होता, हवं तर तुझी माणसं घेऊन जा, पण या खेपेला मासा घेऊन ये. नाही आणलास तर सोमवारपासून चाकावर उत्तरेकडचा दुसरा माणूस येईल आणि तू पुन्हा दोऱ्या गुंडाळायला लाग.

"म्हनून शुक्रवारी सत्यनारायन घातलाय," रुक्मिणी म्हणाली. "पुनव बी हाय. तू ये, मावशी. तू तिकडची हायस."

'तिकडची' असण्याचं वजन काय असतं ते मला पुढे समजलं.

पोर्ट लुईचा बाजार

पूजेचं सामान घ्यायला राघो शुक्रवारी राजधानीत आला होता. तो मला बाजारात भेटणार होता आणि तिथून आपल्या घरी नेणार होता. पस्तिशीचा, उंच, उन्हानं रापलेला माणूस. बोलायला कमी. मला बघितल्याबरोबर वाकून पाया पडला आणि माझी पिशवी स्वतःकडे घेतली.

त्या बाजारात मी आधी मासळीकडे गेले, हे सांगायला नको. लालभडक 'व्हिएय', रुपेरी 'कापितेन', निळ्या शेपटीचा कुणीतरी. एकाचंही नाव ओळखीचं नाही आणि एकाचाही चेहरा परका नाही. लग्नात दूरच्या नातलगांच्या घोळक्यात उभं राहावं तसं झालं. मी प्रत्येकाचे कल्ले उचलून लाल आहेत का बघत होते आणि कोळीण माझ्या हातावर मारत होती. शेवटी राघोनं मला तिथून ओढून काढलं आणि चण्याच्या डाळीची पुरी घेऊन दिली. तिला 'धोलपुरी' म्हणतात. दोन मऊ पुऱ्या, मध्ये घेवड्याची उसळ आणि टोमॅटोचा रस्सा, कागदात गुंडाळून हातात. आपल्या पुरणपोळीनं गूळ सोडून तिखटाशी लग्न केलं तर काय होईल, ते मी त्या दिवशी खाल्लं.

मग फळांच्या बाजूला गेलो. राघो हातातल्या पिशवीकडे बघत म्हणाला, "मावशी, आता ती... ती पिवली वस्तू घ्यायची ऱ्हायली."

"कुठली पिवळी वस्तू?"

त्यानं हनुवटीनं घडांकडे दाखवलं.

"केळी म्हण ना!"

त्याचं तोंड घट्ट मिटलं. मला वाटलं, आलं लक्षात. बिचाऱ्याला ळ येत नाही आणि रोझ हिलच्या मास्तरणीसमोर चूक करायला लाजतोय. मास्तरकी अंगात मुरलेली असली की माणूस बाजारातही फळा उभा करतो. मी तिथल्या तिथे सुरू केलं. "जीभ मागे घे. टाळूला लाव. सोड. के-ळं. म्हण. केळं!"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. राघोच्या कपाळावर हिवाळ्यात घाम आला. त्यानं गप्प बसून डझनभर केळी घेतली, वर कागद टाकून झाकली आणि बसमध्ये ती पिशवी स्वतःच्या मांडीवर न ठेवता माझ्या मांडीवर ठेवली. मी वाटेत आणखी दोनदा त्याला संधी दिली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर उसाला तुरे आले होते, मैलोन् मैल, वाऱ्यावर सगळे एकाच बाजूला झुकलेले. मनात म्हटलं, माणूस चांगला आहे, पण अभ्यासात कच्चा.

काळी नदी

राघोचं घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. पत्र्याचं छप्पर, अंगणात तुळस आणि तुळशीशेजारी लाल झेंड्याचा बांबू. पूजेला शेजारपाजारचे लोक जमले. पोथी मराठीत, आरत्या मराठीत, मधल्या गप्पा तिथल्या क्रिओल बोलीत. आरतीच्या चाली मात्र इतक्या जुन्या की माझी आजी दळताना म्हणायची तशा. मला एकदम भरून आलं आणि ते लपवायला मी स्वयंपाकघरात गेले.

तिथे रुक्मिणी शिरा करत होती. दोन पातेल्यांत. मोठ्यात केळी कुस्करलेली होती, छोट्यात नव्हती. मी म्हटलं, कुणाला केळं सोसत नसेल. विचारणार होते, पण तिनं माझ्या तोंडासमोर चमचा धरला. चव बघायला नव्हे, नैवेद्य व्हायचा होता. गप्प बस म्हणून.

प्रसाद वाटून झाल्यावर ती मला म्हणाली, "मावशी, म्या सगल्यांना दिला, पन मी खाल्ला न्हाय. उद्या परसादाचा डबा बातोवर जानार. बातो परत आला की त्याच डब्यातला घास खाईन, मंग उपास सोडीन. माजी आजी पन असंच करायची, आजा तोडनीला गेला की."

बातो म्हणजे बोट. आजा ऊस तोडायला जायचा, नातजावई मासे धरायला. नवस मात्र तोच.

पहाटे उठले तर रुक्मिणी मागे विहिरीवर होती. टेबलावर दोन डबे. एक मोठा. दुसरा छोटा, लाल फडक्यात बांधलेला. तिथूनच ती ओरडली, "मावशी, बातोवरचा डबा तिथं ठेवलाय, तो घे!"

लाल फडक्यातलाच तो, हे मला दिसत होतं. पण एवढासा डबा! भर समुद्रात अख्खा दिवस, तीन माणसं, त्यातून एक जोझेफ. जोझेफ म्हणजे राघोचा जोडीदार, क्रिओल ख्रिस्ती, पन्नाशीचा, आणि त्याचा घेर मी आदल्या रात्री पाहिला होता. पाहुण्याला प्रसाद पुरला नाही तर यजमानाची अब्रू जाते. मी लाल फडकं सोडलं, मोठ्या डब्याला बांधलं, आणि तो पिशवीत टाकला. आपण किती विचारी आहोत, असं वाटून मला बरंही वाटलं.

खडकांच्या बाहेर

बोट पांढरी, वर चढून चाक धरायला उंच जागा, मागे फळ्यांची मोकळी जागा आणि तिच्या मध्यभागी एक खुर्ची. दंतवैद्याकडे असते तशी, पट्ट्यांसकट. दोन्ही बाजूंना लांब काठ्या बाहेर पसरलेल्या. त्यांवरून दोऱ्या मागे सोडतात आणि दोऱ्यांच्या टोकाला रंगीत झिरमिळ्यांची खोटी मासळी. बोट पळते, खोटी मासळी पळते आणि खरा मासा फसतो, अशी योजना.

खाडीत पाणी इतकं गुळगुळीत की बोट सरकतेय हे किनाऱ्याकडे बघूनच समजावं. दक्षिणेला ल मोर्नचा डोंगर पाण्यातून सरळ उठलेला. पुढे पांढऱ्या फेसाची एक रेघ. तिथे प्रवाळाचे खडक. त्यातल्या एका खिंडीतून राघोनं बोट बाहेर काढली, आणि पोपटी पाणी चार हातांवर शाईसारखं निळं झालं. आमच्याकडे खोल पाणी गाठायला तास न् तास जावं लागतं. इथे ते दाराशीच बसलेलं असतं.

जोझेफनं पाव आणि डाळीचे तिखट वडे काढले. पावात लोणी, लोण्यात वडा. मी तीन खाल्ले. जोझेफला मराठी येत नाही आणि मला क्रिओल येत नाही, पण वड्याबद्दल आमचं एकमत झालं.

मग वाट बघणं सुरू झालं. राघो वर चाकावर. तो पुढे कमी आणि मागे जास्त बघायचा, दोऱ्यांकडे. आम्ही ल मोर्नपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. पुन्हा गेलो. दोऱ्या तशाच. एकदा लांबवर पाखरं घिरट्या घालताना दिसली, पोचेपर्यंत उडाली. ऊन वर आलं, मी स्वेटर काढला.   उत्तरेकडचा माणूस सोमवारी येणार होता, आणि आज शनिवारची दुपार होत आली होती.

जोझेफ हात झटकून म्हणाला, "पेना प्वासों." मासा नाही.

अशा वेळी माझ्यासारखी बाई काय करणार? खायला काढणार. मी म्हटलं, "प्रसाद घेऊया. देवाचं नाव घेतलं नाही, म्हणून खोळंबलं असेल." राघो खाली उतरला, चाक जोझेफच्या हाती देऊन हात धुऊ लागला. मी फडकं सोडलं, झाकण काढलं.

वास मला आला नाही, कारण तो मला रोजचाच. जोझेफला वरूनच आला. त्यानं मान खाली वाकवली, दोनदा हुंगलं आणि ओरडला, "आयो, बोंज्ये! बनान! एना बनान लोर बातो!"

राघो हात धुता धुता तसाच थांबला. पाणी बोटांवरून गळत राहिलं.

"मावशी, ह्यो कुठला डबा?"

"मोठा. छोट्यात पुरणार नव्हतं, म्हणून."

 मग राघोनं सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. भाड्यानं निघणाऱ्या या बोटींवर, इथल्या आणि आणखी कुठकुठल्या कोण जाणे, केळं चालत नाही. केळं बोटीवर आलं की मासा नाही. सोबत नेणं सोडाच, निघायच्या आदल्या दिवशी तांडेलानं आणि त्याच्या घरच्यांनी त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. म्हणून 'पिवली वस्तू'. म्हणून बाजारातला घाम. म्हणून दोन पातेली: देवासाठी केळ्याचा, बोटीसाठी बिनकेळ्याचा. आणि रुक्मिणीनं मला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं. मी मात्र बिचाऱ्याला भर बाजारात जीभ टाळूला लावायला सांगत होते! मला हसूही आलं आणि रडूही आलं, पण राघोचा चेहरा बघून दोन्ही गिळलं.

"जेते! जेते!" जोझेफ वरून हात हलवत होता. टाक, टाक.

राघो डब्याकडे बघत होता, हात लावत नव्हता. "कसा टाकू? मावशी, परसाद हाय."

त्याची अडचण मला समजली. साध्या शिऱ्याची गोष्टच नव्हती. ज्या पूजेचा तो प्रसाद, तिच्याच कथेत प्रसाद टाकून धावत सुटलेली बाई आहे, आणि तिच्या नवऱ्याची नाव काठाला लागता लागता बुडते. ती कथा आदल्या संध्याकाळी राघोनं हात जोडून ऐकली होती. नावेत बसून हा प्रसाद टाकायचा म्हणजे नुसतं पाप नाही, पत्ता देऊन बोलावलेलं संकट. त्यानं जोझेफला हे क्रिओलमध्ये समजावलं. जोझेफनं डोकं खाजवलं. मग जे म्हणाला ते राघोनं मला मराठीत सांगितलं: "तो म्हनतो, ठेवला तर मासा न्हाय, टाकला तर बातो न्हाय. म्हंजे ह्या डब्याचं करायचं काय?"

आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"मावशी, तू सांग," राघो म्हणाला. "तू तिकडची हायस. तिकडं काय करत्यात?"

तिकडे काय करतात! तिकडे असा प्रश्नच येत नाही. तिकडे केळी खाऊन बोटीत बसतात आणि पापलेट आणतात. पण तो माणूस ज्या विश्वासानं बघत होता, तो मी शाळेत चाळीस वर्षांत एकाही मुलाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता. त्याचं चाक, त्याची अब्रू, रुक्मिणीचा उपास, सगळं त्या डब्यापाशी येऊन अडलं होतं आणि तो डबा आणला होता मी. मी पदर खोचला.

"राघो, प्रसाद टाकत नाहीत," मी म्हटलं. "वाढतात. आम्ही पुनवेला समुद्राला नारळ देतो तो काय टाकतो? देतो. काल पुनव होती. आधी आपण घास घेऊ, मग उरलेला समुद्राला वाढू. त्याचंही पान मांडलं पाहिजे."

ही रीत मालवणात कुणी पाळत नाही. मी ती तिथल्या तिथे केली. पण सांगताना मला ती शंभर वर्षं जुनी वाटली.

राघोचे खांदे खाली आले. त्यानं घास घेतला, डोळे मिटून खाल्ला. जोझेफला द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं शंका काढली: पोटात गेलेलं केळं बोटीवर धरायचं की नाही? थोडा विचार करून त्यानंच निकाल दिला की गळ पोटात जात नाही, तेव्हा पोटाचा संबंध नाही. आणि त्यानं दोन वेळा घेतला. शेजारच्या प्रत्येक पूजेला तो प्रसादाला हजर असतो, असं मला नंतर कळलं.

मग राघो बोटीच्या मागच्या टोकाला वाकला, आणि उरलेला शिरा दोन्ही हातांनी, पंगतीत वाढावा तसा, हळूहळू पाण्यात सोडला. जोझेफनं छातीवर क्रूसाची खूण केली. मी हात जोडले. डबा खाऱ्या पाण्यानं तीनदा घासला गेला.

एक गोष्ट मी त्या वेळी कुणाला बोलले नाही. त्याच डब्यातला घास घेऊन रुक्मिणी उपास सोडणार होती. राघो पाण्याकडे वळला तेव्हा मी एक छोटा गोळा पावाच्या कागदात गुंडाळून माझ्या हातातल्या पाकिटात टाकला. देव, समुद्र, जोझेफ सगळ्यांचं झालं. उपाशी बाईचं कोण बघणार?

यापुढचं मी जसं घडलं तसं सांगते. लगेच काहीही झालं नाही. जोझेफ घड्याळाकडे बघायला लागला आणि मला पाकिटाची भीती वाटायला लागली. वाटलं, तोही गोळा देऊन टाकावा. पण मग रुक्मिणी आठवायची.

राघो पुन्हा चाकावर गेला आणि त्यानं बोट वळवली ती नेहमीच्या वाटेनं नाही. पाण्यावर फेसाची आणि काडीकचऱ्याची एक पुसट रेघ दिसत होती, तिच्या कडेनं. जोझेफ काहीतरी पुटपुटला, राघोनं ऐकलं नाही. आणि एकदम उजवीकडची काठी वाकली. गळाच्या चक्रीतून दोरी कर्रर्र करत सुटली.

"गावला! गावला!" राघो वरून किंचाळला.

गावला! पुस्तकातला 'सापडला' नाही, 'मिळाला' नाही. आमच्या घरचा, आमच्या वाडीतला शब्द. मी ते ऐकून तशीच उभी. जोझेफनं मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, चक्रीची काठी हातात दिली. मी म्हटलं, मला कशाला? पण मासा कुणाचं ऐकतो?

विहिरीवरचा रहाट ओढलेली मी बाई. पण हा रहाट उलटा फिरत होता. मी जितकी गुंडाळायची, त्याच्या दुप्पट तो न्यायचा. हात भरून आले, पदर सुटला. जोझेफ माझ्या कानाशी क्रिओलमध्ये काय काय बोलत होता; शिव्या होत्या की शाबासकी कोण जाणे. मग एकाएकी दोरी सैल पडली. नुसती लोंबायला लागली.

"गेला," मी म्हटलं.  पाकीट पायाशीच होतं.

"न्हाय गेला!" वरून राघो. "गुंडाल, मावशी, गुंडाल! त्यो आपल्याकडंच येतोय! थांबू नको!" आणि त्यानं बोट पुढे दामटली. मी डोळे मिटून चक्री फिरवत सुटले. फिरवता फिरवता पुन्हा जड लागलं. मासा बोटीकडे धावत आला होता, गळ सैल करायला. जोझेफ मान हलवून हसला. ऊसवाल्याच्या नातवाला हे कळलं होतं.

वर आला तो वाहू नावाचा मासा. लांबलचक, निळा, अंगावर पट्टे, सुरमईची थोरली बहीण शोभावी असा. जोझेफनं आकडीनं उचलून आत घेतला तेव्हा माझ्या उंचीचा भरला. त्याच रेघेवर पुढे पाखरं आली आणि त्यांच्याखाली टूना, पिवळ्या पंखांचे, एकामागून एक. पिवळे! मी राघोकडे बघितलं. तो माझ्याकडे न बघता दोऱ्यांकडे बघत होता, पण गालातल्या गालात हसत होता.

धक्क्यावर

खाडीत शिरताना जोझेफनं काठीवर झेंडे चढवले. प्रत्येक जातीच्या माशाचा एक. धक्क्यावरचे तांडेल उठून उभे राहिले. मालक आखूड विजारीत, हात मागे बांधून उभा होता. त्यानं मासे पाहिले, बोटीभोवती एक फेरी मारली आणि राघोला एवढंच म्हणाला, "लेंदी, सिझेर." सोमवारी, सहा वाजता. राघोनं मान हलवली. मालक वळून गेल्यावर तो जोझेफबरोबर मासे उतरवायला लागला.

माझा वाहू बाकीच्यांबरोबर तराजूवर गेला. मी ओढलेला! रिवाज ठाऊक असूनही माझं तोंड वाकडं झालंच. जोझेफनं ते बघितलं आणि एक लहानसा बोनीत मासा पानात गुंडाळून माझ्या हातात ठेवला. हा हरकाम्यांचा वाटा, तुम्हीही आज काम केलंत, असं त्यानं राघोकरवी सांगितलं. आमच्या रापणीचा न्याय इथेही थोडा शिल्लक होता.

घरी रुक्मिणी उंबऱ्यात बसलेली. टेबलावर छोटा डबा, उघडा. सकाळी तिनं तो पाहिला होता, आणि दिवसभर तिला माहीत होतं की बोटीवर काय गेलंय. सांगायला फोन नाही, धावत जायला रस्ता नाही. ती नुसती देवापुढे जाऊन येत होती. राघोला बघून ती उभी राहिली, पण विचारायचं धाडस होईना. राघो म्हणाला, "सोमवारी सहाला." ती तोंडाला पदर लावून रडली. मग मीही रडले. इतका वेळ तुंबलं होतं.

डोळे पुसून तिनं माझ्या हातातला मोठा डबा घेतला, उघडला. लख्ख रिकामा.

"मंग मी उपास कशानं सोडू?"

माझी पंचाईत झाली. पाकिटातला गोळा काढायचा, तर राघोला कळणार की ती वस्तू दिवसभर बोटीवर होती. त्याची समुद्राला वाढण्याची श्रद्धा, माझी ताजी ताजी जुनी रीत, दोन्ही खोटी पडणार. मी पाकीट घट्ट धरून उभी राहिले.

"मावशी, दे की," राघो म्हणाला. "पाकिटातलं."

"तू पाहिलंस?"

"मी दिसभर मागंच बघतो. तेच माजं काम हाय."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं खांदे उडवले. "जोझेफ म्हनला सगला काढ. पन बायको उपाशी बसलीय, सगला कसा काढू? म्हटलं, पाकिट मावशीचं, बातो माजा. मावशीच्या पाकिटात काय हाय ते तांडेलानं कशाला बघावं?"

आणि त्या पाकिटासकट त्यानं बोट त्या फेसाच्या रेघेवर नेली होती. मी कागद उघडला. शिऱ्याचा गोळा दबून चपटा झाला होता, वरून केळ्याचा काळसर तुकडा डोकावत होता. रुक्मिणीनं तो बघितला, डोळे मोठे केले आणि नवऱ्याला विचारलं, "ह्यात काय हाय?"

राघोनं इकडेतिकडे बघितलं. मग छाती भरून, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं तो ओरडला, "केलं!"

आता तो 'केळं' म्हणाला की 'केलं', हे मी आजवर त्याला विचारलेलं नाही. ळ शिकवायला समुद्र ओलांडून गेलेली मी. पण त्या संध्याकाळी तो ल मी दुरुस्त केला नाही.